वास घेणारं घर

मुलीचा फोन आला तेव्हा पॉलिशवाला एका जेवणाच्या टेबलावर शेवटचा हात मारत होता. पॉलिशचा बोळा मध्येच थांबला तर लाकडावर डाग राहतो, म्हणून त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हात चालूच ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, आई उठत नाहीये." झोपली असेल, नीट हाक मार, असं तो म्हणाला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग त्याचा हात थांबला.

तो घरी पोचला तेव्हा डॉक्टर हात धूत होते. दारूच्या गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत अडकली, असं त्यांनी सांगितलं. बाटली शिलाई मशीनखालच्या चिंध्यांत सापडली. त्याच्या थोरल्या भावाने ती पिशवीत घातली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाहेर हृदयविकार सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

या घराची मूठ पहिल्यापासून झाकलेलीच होती. पुरुष प्यायला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला व्यसन लागलं. बाई प्यायली तर घराण्याला काळिमा. तिला उपचारांसाठी दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे ती बहीण रिकाम्या हातांनी भेटायला आली आणि शेजारणींनी बाळाची चौकशी केली, तेव्हा ते नसलेलं बाळ आजीकडे ठेवावं लागलं.

ती दवाखान्यातून आली ती न पिता. पण समुपदेशक बाईंनी घरच्यांना बजावलं होतं, की दारू सुटली म्हणजे आजार संपला असं नाही. दर आठवड्याला व्यसनमुक्ती केंद्रातल्या गटात येऊन बसायचं, मनातलं बोलायचं, आणि हे कित्येक वर्षं चालू ठेवायचं. ती नेमाने जाई. परत आली की स्वयंपाक करताना तिथली एखादी गंमत सांगे. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसणं ऐकू येऊ लागलं होतं.

मग मुलीचं लग्न ठरलं, आणि नवऱ्या मुलाची आत्या नेमकी त्या केंद्रासमोर राहायला असल्याचं कळलं. लग्न होईपर्यंत तिचं जाणं बंद, असं थोरल्याने ठरवलं. पॉलिशवाला चाचरत म्हणाला, की बाई तर सोडू नका म्हणाल्या होत्या. त्यावर थोरला हसला. "बायकोवर लक्ष ठेवायला तुला बाई कशाला हवी? दिवसभर स्पिरिटमध्ये असतोस. तुझं नाक म्हणजे सरकारी प्रयोगशाळा!" सगळे हसले. तीही थोडी हसली.

खरं तर दिवसभर स्पिरिट आणि लाखेवर वाकणाऱ्या माणसाचं नाक संध्याकाळपर्यंत मेलेलं असतं. त्याला चहालाही स्पिरिटचाच वास येई. हे त्याला ठाऊक होतं, पण भावापुढे तो बोलला नाही. रोज कामावरून आला की तो तिच्याजवळ जाऊन उभा राही, काहीतरी फुटकळ विचारी आणि ती बोलू लागली की किंचित पुढे वाके. वास आला तरी तो तिचा की आपल्याच कपड्यांचा, हे त्याला कळत नसे. काही नाही, असं तो घरात सांगे.

एकदा ती म्हणाली, "अहो, या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. सगळे माझा वास घेतात. मला एकदाच तिथे जाऊन येऊ द्या."

"एवढं लग्न होऊन जाऊ दे," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही.

ती गेली त्या दिवसापासून त्याचे पाय संध्याकाळी आपोआप स्वयंपाकघराच्या दाराशी थांबू लागले. "आज बरं वाटतंय का?" असं तो थंड शेगडीकडे बघून विचारी आणि पुढे वाके. मग दचकून मागे सरे. त्याला उत्तर ऐकू येई, आणि ते दर वेळी एकच असे. एकदाच.

भेटायला आलेल्यांनी बाहेरची खोली भरली होती. मुलाकडचेही आले होते. थोरला प्रत्येकाला हृदयविकाराची हकीगत सांगत होता, आणि दर वेळी ती थोडी वाढत होती. कुणीतरी म्हणालं, सुटली बिचारी, भाग्याचं मरण आलं. तेव्हा पॉलिशवाला उभा राहिला.

"तिला दारूचा आजार होता," तो म्हणाला. "ती बरी होत होती. लग्न मोडेल म्हणून आम्ही तिचे उपचार बंद केले. मीही केले."

"अरे, पोरीचा तरी विचार कर," थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

बायकांमध्ये बसलेल्या मुलीने मान वर केली. "माझाच विचार करून आईला घरात बसवलंत ना, काका? आता पुरे."

मुलाकडचे चहा तसाच ठेवून उठले. त्यांच्याकडून नंतर निरोप आला नाही. थोरला त्याच्याशी अजून बोलत नाही. पॉलिशवाला आता व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटात जातो. बोलायला त्याला अजून जमत नाही, पण तो बसतो.

परवा गल्लीतली एक बाई मागच्या दाराने आली. आवाज खाली घेऊन तिने आपल्या जावेसाठी केंद्राचा पत्ता विचारला. त्याने तो सांगितला, आणि हवं तर मी आणि मुलगी सोबत येतो, असंही म्हटलं.

ती जाऊ अजून केंद्रात गेलेली नाही. घरी पाहुणे आहेत, ते गेले की बघू, असं तिचे घरचे म्हणतात.