आठव्या खेपेचं वजन

"कागद खरवडू नकोस, नेंग. तंतू येतील त्यात. स्पिरिटनं धू."

"तिसऱ्यांदा धुतेय, अबाह."

"मग चौथ्यांदा धू."

बांडुंगच्या आमच्या विद्यापीठात माझे वडील, माझे अबाह आणि बाकी सगळ्यांचे पा एंगकोस, एकतीस वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आणि त्याच प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. अशी वेळ कुणावर येऊ नये. घरी लाडानं नेंग म्हणायचं ते इथंही, सगळ्यांसमोर.

काम साधंच होतं. नारळाच्या करवंटीच्या कोळशावर पॅलेडियम बसवलेली काळी पूड आम्ही तयार केली होती. दोन रेणू जोडून देणारा उत्प्रेरक. विषारी द्रावकांऐवजी तो पाण्यात काम करायचा, आणि काम झालं की गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता यायचा. किती वेळा, एवढाच प्रश्न होता. प्रोफेसर बू राहायूंना दहा खेपा हव्या होत्या. सहा खेपा नव्वद टक्क्यांच्या वर उत्पन्न मिळालं. सातव्या खेपेला चौऱ्याहत्तर.

"थकलंय ते," अबाह म्हणाले. "लिही सात."

"सात खेपांचा पेपर कोण छापतं?"

"सात वेळा चाललं त्याला आठ वेळा चाललं म्हणणार का?"

त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. प्रत्येक खेपेनंतर ते गाळणकागदावरची पूड वाळवून तोलत. दर खेपेला दोन-तीन मिलिग्रॅम कमीच भरत, थोडी कागदाला, थोडी काचेला लागून जायची. त्या दिवशी एकशे त्र्याऐंशी भरली. आकडा लिहून ते दुपारच्या नमाजाला खाली गेले.

मी नव्या बाटलीतली नखभर पूड त्यात मिसळली. काळ्यात काळं, कुणाला काय दिसणार? माझ्या डोक्यात फक्त उत्पन्न होतं. वजनाचा विचारच मनात आला नाही. तोलणं माझं काम नव्हतं.

आठव्या खेपेला ब्याण्णव टक्के आलं. अबाहनी पूड वाळवली, काट्यावर ठेवली. एकशे एक्क्याण्णव. त्यांनी ती पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवली. पुन्हा एकशे एक्क्याण्णव.

"सात वेळा घटली आणि आज आठ मिलिग्रॅम वाढली," ते म्हणाले. "बाळंत झाली की काय?"

पलीकडच्या टेबलावरची मुलं हसली. माझं डोकंच फिरलं.

"ओली राहिली असेल! दर वेळी तुमचं हे असंच. घरी डाळीतलं मीठसुद्धा दोनदा चाखून बघता. कंटाळा आला मला, अबाह. तुमच्यापुढे काही केलं तरी कमीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेनानं एकशे एक्क्याण्णव लिहिलं आणि म्हणाले, "बरं."

घरी जाताना त्यांनी तळलेला टोफू घेतला, सोबत हिरव्या मिरच्या. मी एकही तुकडा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला ते नळापाशी बसले ते उठलेच नाहीत. दुपारच्या आत दफन झालं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे धाकट्या काकांनी जनाज्यापाशी उभं राहून सगळ्यांना विनवलं, "दादाच्या हातून काही चुकलं असेल तर माफ करा." लोक माना डोलावून माफ करत होते. मला संताप आला. कसली माफी? ह्या माणसानं काय वाकडं केलं होतं कुणाचं?

सातव्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर घरात पठण होतं. बू राहायू आल्या, चटईवर आईशेजारी बसल्या. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "रिनरिन, ही बोलायची वेळ नाही, पण सोमवारी पेपर पाठवतेय. आठवी खेप सुंदर आलीय गं. फक्त ते वजन... पूड वाढेल कशी? पा एंगकोसची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती बहुतेक. तो आकडा काढायला सांगितलंय मी. इतक्या वर्षांत एक चूक. आपण माफ केलीच आहे ना."

आईनं लगेच हात जोडले. "चष्मा बदला म्हणून मी मागेच लागले होते हो त्यांच्या. ऐकतील तर शपथ. त्यांच्या वतीनं माफ करा, बू."

मी गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. पेपर छापून आला असता. आईसुद्धा थोड्या दिवसांनी ते चष्म्याचं विसरली असती.

"नजर चांगली होती त्यांची," मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पठण करणारे थांबले. "वजन बरोबर आहे, बू. मी त्यात नवी पूड मिसळली होती. अबाहना ते कळलं होतं. आणि मी त्यांच्यावरच ओरडले."