पत्त्याच्या रकान्यातली माणसं

ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. खोटी असती तर केव्हाच सगळ्यांना पटली असती.

एका ग्रंथालयात एक कॉम्प्युटर होता. किती जुना? ग्रंथपालबाई सकाळी त्याचं बटण दाबायच्या, दोन्ही खोल्या झाडायच्या, वर्तमानपत्रं लावायच्या, कुंड्यांना पाणी घालायच्या, चहा करून प्यायच्या, तेव्हा कुठे पडद्यावर उजाडायचं. एकदा एक नवा नवा बाप बाळाच्या संगोपनाचं पुस्तक मागायला आला. यादी उघडेपर्यंत बाळ शेजारी उभं राहून चित्रांची पुस्तकं मागायला लागलं. यात तिळाएवढी अतिशयोक्ती नाही. बाळ जरा लवकर चालायला लागलं होतं, एवढंच.

पंखा गिरणीसारखा घरघरायचा. यंत्रामागे इतकी ऊब असायची की मांजरीच्या तीन पिढ्या तिथेच जन्मल्या.

बाईंची नणंद कॉम्प्युटर दुरुस्त करायची. वय पन्नाशीचं, हात सोन्याचा आणि जिभेला हाड नाही. गेल्या आठवड्यात यंत्राने तीनदा मान टाकली, तेव्हा बाईंनी नाइलाजाने तिला बोलावलं.

“वहिनी, ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी हिला वाऱ्यावर सोडून बारा वर्षं झाली. आता व्हायरस आला ना, तरी दारातूनच हळहळून परत जाईल.”

“जुनं ते सोनं, वन्सं.”

“मग सोनाराला बोलवायचं! मला कशाला तसदी दिलीत?”

तिने नवी सिस्टीम आणली होती. हलकी, फुकट, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेली.

“फुकट?” बाईंनी डोळे बारीक केले. “फुकटचं अंगी लागत नाही.”

“तुमच्या अंगी लावायचंच नाहीये. कॉम्प्युटरमध्ये घालायचंय.”

बाई हसल्या खऱ्या, पण यंत्रासमोरून हलल्या नाहीत. कारण निराळंच होतं. बाईंच्या स्मरणशक्तीचा दहा गावांत डंका होता. दारातून माणूस आत आला की बाईंना त्याचं सगळं आठवायचं आणि नेमकं हवं ते पुस्तक टेबलावर यायचं. लोक म्हणायचे, बाईंच्या डोक्यात कपाटं आहेत. खरी गोष्ट अशी, की सकाळी काढून ठेवलेला चष्मा दुपारी कुठे आहे हे बाईंना नाकावर चाचपून बघावं लागायचं. आठवण होती ती त्या यंत्रात. सभासदांच्या यादीत पत्त्याचा रकाना होता. कोण कुठे राहतं हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून बाईंनी त्या रकान्यात पत्ता कधी लिहिलाच नाही. त्यात त्या माणूस लिहायच्या. ते उघडं पडलं, तर वीस वर्षांचा मान एका दुपारी मातीत जाणार होता.

“काही वगळायचं असेल तर आत्ता सांगा,” नणंद म्हणाली. “नाहीतर नावं, पत्ते, सगळं जसंच्या तसं उचलते.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण नणंदेपुढे? हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं.

“वगळायचं काय त्यात?” बाई म्हणाल्या. “पत्तेच तर आहेत.”

नणंदेने यंत्र उघडलं. आत मांजरीचे इतके केस निघाले की त्यांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर झाला. मग नवी सिस्टीम चढवली. बटण दाबलं, आणि बाई झाडू उचलायला वळेपर्यंत यादी समोर! आवाज म्हणून नाही.

“इतकं गुपचूप चालतंय म्हणजे काहीतरी लपवत असणार,” बाई म्हणाल्या.

“सगळ्यांना आपल्यासारखं समजू नये,” नणंद सहज बोलून गेली, आणि बाईंना ठसका लागला.

नणंदेला एकदा काम चढलं की थांबता येत नसे. यादी न वाचता तिने वहिनीला खूश करायला सगळ्या सभासदांची नवी ओळखपत्रं छापली. वर नाव, खाली पत्ता. सोमवारी सकाळी बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, तेवढ्यात तिने दारात उभं राहून ती वाटूनही टाकली.

बाई आत आल्या तेव्हा वाचनाच्या खोलीत जो तो आपापलं कार्ड वाचत होता.

दातांच्या डॉक्टरांच्या हातातल्या कार्डावर लिहिलं होतं: ‘प्रेमकथा नेतात. वर भूगोलाचं वेष्टन घालून देणे.’ शिंपीणकाकूंच्या: ‘शेवट दुःखी असेल तर आधीच सांगणे.’ बेकरीवाल्याच्या: ‘आई गेली. दोन महिने विनोदी देणे. कारण सांगू नये.’ निवृत्त मास्तरांच्या: ‘न वाचता परत करतात. काय आवडलं, विचारू नये.’

शिंपीणकाकूंनी मान वर केली. “म्हणजे बाई, तुम्हाला हे आठवत नव्हतं?”

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. “नाही हो. मला कालची भाजीसुद्धा आठवत नाही. म्हणून लिहून ठेवत होते.”

नणंदेने तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा ते न बोलता मिटलं.

बेकरीवाला उठला. कार्ड खिशात ठेवून म्हणाला, “तरीच मी म्हणत होतो, तेव्हा नेमकी हसवणारीच पुस्तकं कशी मिळत होती.” मग घसा खाकरून डॉक्टर टेबलाशी आले. “बाई, ते हे... भूगोलाचा पुढचा भाग आलाय का?”

खोली अशी हसली की खिडक्यांच्या काचा तीन दिवस थरथरत होत्या.

“माझं खोडा,” मास्तर फणफणले. “मी वाचतो!”

“मग मागच्या पुस्तकात काय आवडलं?” शिंपीणकाकूंनी विचारलं.

मास्तरांनी बराच विचार केला. “बांधणी. शिवण फार पक्की होती.”

सगळ्यांत मागे टोपीवाला उभा होता. बाजारात टोप्या विकणारा. मधमाश्या पाळण्यावरचं जाडजूड निळं पुस्तक त्याने अकरा वर्षं परत केलं नव्हतं. त्याच्या कार्डावर होतं: ‘पुस्तक कधी पुरात जातं, कधी अस्वल नेतं. दर महिन्याला विचारणे. गोष्टी छान सांगतो.’ ते वाचून टोपीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तडक घरी धावत गेला, पुस्तक आणलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, म्हणता, की—

तेवढ्यात आतून, इतका वेळ कपबश्या विसळत गोष्ट ऐकणारी सांगणाऱ्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली.

“अहो टोपीवाले,” ती म्हणाली, “मग माझ्या पलंगाच्या मोडक्या पायाखाली ते निळं जाडजूड काय आहे?”