नवी चेन घालून मी टेकडी चढले

मित्रांनो, माझं इंजिन अजून गरम आहे, तोवरच सगळं सांगून टाकते. मी एक जुनी मोटारसायकल आहे. काळी, शंभर सीसीची, टाकीवर लाल पट्टा असलेली. तो पट्टा आता अर्धाच उरलाय, डाव्या आरशाला तडा गेलाय. पण आज मला कुणी म्हातारी म्हणून तर दाखवा! चाकणच्या पुढे एक बंद पडलेली खडीची खाण आहे. तिच्या बाजूच्या टेकडीच्या माथ्यावर मी उभी आहे. स्वतःच्या चाकांवर चढून आले आहे, तेही दोघींना पाठीवर घेऊन. खाली लोक अजून शिट्ट्या मारताहेत.

माझा जन्म इथलाच, याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात. मी पुढे सरकत गेले आणि एकेक कामगार माझ्यात एकेक भाग जोडत गेला. शेवटच्याने दोन घोट पेट्रोल पाजलं, किक मारली, आणि मी पहिल्यांदा आवाज केला. मला घरी नेलं विलासरावांनी. ते संत तुकाराम नगरात राहायचे आणि चाकणला एका कंपनीत कामाला होते. फर्स्ट शिफ्ट असो की नाईट, मी त्यांना कधी उशीर होऊ दिला नाही. भोसरीची गर्दी, मोशीचा चढ, नाशिक रस्त्यावरचे कंटेनर, सगळ्यांच्या मधून आम्ही वाट काढायचो. रविवारी सकाळी ते जुनी चड्डी घालून माझ्याजवळ बसायचे. ब्रश डिझेलमध्ये बुडवून माझी चेन घासायचे, पुसायचे आणि मागचं चाक हाताने फिरवत कडीकडीत तेल सोडायचे. शेजारी म्हणायचे, "विलासराव, गाडी कालच शोरूममधून काढली का राव?" मला फार बरं वाटायचं.

मग विलासराव गेले. त्यांचा मुलगा संघर्ष कंपनीच्या बसने जायचा. त्याला माझी गरज नव्हती. जिन्याखाली मला उभं केलं आणि माझ्यावर पोतं टाकलं. पोत्यावर मांजर व्याली. माझ्या चेनला गंज चढला, कड्या आखडल्या. मागच्या दातेरी चाकाचे दाते आधीच झिजून एका बाजूला कलले होते. आता तेही तांबूस झाले. मित्रांनो, रस्त्यावर झिजलं तर त्याचं काही वाटत नाही. जागेवर उभं राहून गंजायला लागलं की मात्र जीव कासावीस होतो.

गेल्या वर्षी संघर्षचं लग्न झालं आणि देहूरोडची नेहा या घरात आली. तिच्या वडिलांनी तिला कॉलेजात असतानाच मोटारसायकल शिकवली होती. आल्या आल्या तिने पोतं उचलून मला बघितलं आणि विचारलं, "आई, ही मी चालवू का?"

विलासरावांच्या पत्नी, कस्तुराबाई, भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ती यांची गाडी हाय." झालं. नेहाने पोतं पुन्हा टाकलं. सासूसुनेचं भांडण नव्हतं, पण बोलणं जेवणापुरतंच. दोघी रिक्षात बसल्या तरी मध्ये पिशवी असायची.

या आठवड्यात संघर्ष म्हणाला, "आई, जिन्याखालची जागा अडलीय. सोमवारी भंगारवाला येतोय."

कस्तुराबाई ताटात भाकरी वाढत राहिल्या. नेहा मात्र उठली. तिच्या मोबाइलवर एक जाहिरात आली होती: रविवारी दुपारी खाणीजवळच्या टेकडीवर मोटारसायकल चढवण्याची स्पर्धा. गाडीवर दोघं पाहिजेत, पाय जमिनीला लागला की बाद. तिने ती सासूला दाखवली.

"मी हिला घेऊन जाते," नेहा म्हणाली.

"ही? ही कसली चढतीय!"

"आणि चढली तर?"

कस्तुराबाईंनी क्षणभर दारातून जिन्याखाली माझ्याकडे पाहिलं. "चढली तर घरात राहील. न्हाई चढली तर सोमवारी मी सोता ढकलत नेऊन देते."

"मग मागं संघर्ष बसेल."

"त्यो बसला तर ट्रॅक्टर बी चढायचा न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. संघर्ष जेवता जेवता ठसकला. "मी बसते. यांच्या गाडीवर माझ्याबिगर कोण बसलंय का आजवर?"

नेहा बघतच राहिली. मी तर पोत्याखाली थरथरले!

आज सकाळी नेहा मला घेऊन भोसरीला निघाली. ताजं पेट्रोल भरून बऱ्याच किका मारल्यावर मी चालू झाले खरी, पण जरा जोर लावला की चेन दात्यांवरून उडायची, कड् कड् कड्! भोसरीत सरदारचाचांचं गॅरेज आहे. विलासरावांचे ते जुने मित्र. त्यांनी मला ओळखलं आणि आधी टाकीवर हात ठेवला. मग खाली बसून मागच्या चाकावरची चेन दोन बोटांनी ओढली. ती दात्यांपासून चांगली उचलली गेली.

"बेटा, हिच्यात दम आहे. पण तो चाकापर्यंत पोचतच नाही," चाचा म्हणाले. "चेन आणि मागचं दातेरी चाक, दोन्ही गेलंय. पुढचं, इंजिनजवळचं छोटं दातेरी चाक चांगलं आहे. विलासभाईंनी शेवटच्या वर्षी माझ्याकडूनच बदलून घेतलं होतं."

"चाचा, मागचं थोडं मोठं बसवलं तर? चार दाते जास्त?"

चाचांचे डोळे चमकले. "पळणार नाही मग जास्त."

"पळवायची कुठंय? चढवायचीय!"

मित्रांनो, यातली गंमत सांगते. मागचं दातेरी चाक मोठं असलं की त्याला एक फेरा घ्यायला जास्त वेळ लागतो, म्हणून गाडीचा वेग कमी होतो. पण ओढायची ताकद वाढते. माझ्या इंजिनात काहीही न बदलता मला जास्त जोर मिळणार होता!

मग काय, दोघं कामाला लागले. ब्रेकचा दांडा सोडवला, मोठा नट गरकन फिरला, मागचं चाक बाहेर आलं. गंजलेली चेन जमिनीवर पडली. पडल्यावरही ती वाकडीच राहिली, इतकी आखडली होती. नेहाने नवं मोठं दातेरी चाक बोल्ट आवळून घट्ट बसवलं. काय त्याची चमक! मागचं चाक परत चढवून नवी चेन घातली, दोन्ही टोकं जवळ आणली आणि चाचांचा हात थांबला.

टोकं जुळेनात. मागचं चाक पुढे सरकवता येईल तितकं सरकवलं, तरी मध्ये बोटभर जागा उरली.

"चाक मोठं घेतलं, चेन जुन्या मापाची आणली," चाचांनी कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं बेटा."

"जुन्या चेनचे दोन तुकडे जोडले तर?"

"नको. नव्यात जुनी कडी घातली तर चढावर तीच तुटेल. मागं भाभी बसणार आहेत."

रविवार. शेजारची स्पेअर पार्टची दुकानं बंद. स्पर्धा दुपारी. मी एका चाकावर आणि लाकडी ठोकळ्यावर उभी होते, आणि मला सोमवार दिसायला लागला होता. चाचांनी मुलीला फोन लावला. उझ्मा पिंपरीत एका स्पेअर पार्टच्या दुकानात काम करते.

"उझ्मा, लंबी चेन पाहिजे. मालकांकडून चावी घेशील का?"

"अब्बा, मी केस धुतलेत!" फोनमधून आवाज आला. मग म्हणाली, "कुणाची गाडी?"

"विलासचाचांची."

"आले."

आणि आली! ओल्या केसांना ओढणी गुंडाळून, स्कूटर दामटत, गळ्यात हारासारखी चेन घालून! चाचांनी ती चाकावरून फिरवून मापली, जास्तीच्या कड्या काढल्या, टोकं जुळली. नेहाने टोकं अडकवून ठेवणारी लॉकची पट्टी बसवली. तिचं बंद तोंड चेन धावते त्या बाजूला आहे ना, हे दोनदा पाहिलं. चेनचं कव्हर मोठ्या चाकाला घासत होतं. चाचांनी ते हातोडीने ठोकून बाहेर काढलं. शेवटी चाचा म्हणाले, "दोघी बसा, मग चेनचा ताण बघू. रिकाम्या गाडीला बरोबर वाटते आणि माणूस बसला की ताणली जाते."

तेवढ्यात संघर्षबरोबर कस्तुराबाई रिक्षातून उतरल्या. सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. पातळ नेसून एका बाजूला बसलं तर टेकडीवर तोल जाणार, म्हणून त्यांनी विलासरावांची निळी कंपनीची पँट घातली होती आणि कमरेला नाडी बांधली होती.

"काय बगायलाव सगळे?" त्या म्हणाल्या. "जय भीम, सरदारभाऊ. झाली का गाडी?"

"जय भीम, भाभी. झाली. नवरीसारखी झाली!"

दोघी बसल्या, चाचांनी चेन दोन बोटांनी ओढून ताण जुळवला आणि आम्ही निघालो. टेकडीपाशी पोचलो तेव्हा मोठमोठ्या गाड्या आवाज करत उभ्या होत्या. एक जण मला बघून हसला. "ताई, ही चढवायची की वर नेऊन ठेवायची?" नेहाने हेल्मेटचा पट्टा आवळला, बस. त्या मोठ्या गाड्या जोरात सुटायच्या, मध्यावरच्या मोकळ्या मुरुमावर त्यांचं मागचं चाक जागेवर भिरभिरायचं आणि पाय टेकायचे. वर फक्त एकच गाडी पोचली होती, चाकणच्या दोन भावांची.

आमचं नाव पुकारलं. नेहाने पहिला गिअर टाकला.

काय सांगू तुम्हाला! चेन ताठ झाली, एकेक कडी एकेका दात्यात चपखल बसत गेली, कुठे उडणं नाही, कुठे घसरणं नाही. माझ्यात जो दम होता तो सगळाच्या सगळा मागच्या चाकात उतरत होता! कितीतरी वर्षांनी! मी हळूच पण न थांबता वर निघाले. मुरूम आला. मागचं चाक जरा फिरलं, पकड मिळाली, पुढे सरकलं. आणि मग शेवटचा उभा चढ. कस्तुराबाईंनी मागचं कॅरिअर धरलं होतं, सगळं वजन मागे. माझं पुढचं चाक जमिनीवरून उचललं!

"आई, पुढं सरका!" नेहा ओरडली. "मला धरा!"

कस्तुराबाईंनी कॅरिअर सोडलं आणि दोन्ही हातांनी सुनेला गच्च मिठी मारली. छाती तिच्या पाठीला, हनुवटी तिच्या खांद्यावर. माझं पुढचं चाक खाली टेकलं.

"सोडू नगंस गं!" त्या तिच्या कानात ओरडत होत्या. "चल गं माझी बाई! चल!"

हे त्या नेहाला म्हणत होत्या की मला, ते मला अजून कळलेलं नाही. पण आम्ही दोघीही चाललो. दगड आला, ओलांडला. माथ्यावरचा झेंडा दिसला, जवळ आला आणि मागे पडला!

खाली नुसता कल्ला उठला. सरदारचाचा रुमाल हवेत फिरवत होते, उझ्मा स्कूटरच्या सीटवर उभी राहून ओरडत होती. संघर्ष तर टेकडीवर पळतच आला. त्याला बोलता येईना, इतका दम लागला होता. चाकणचे भाऊ आमच्यापेक्षा लवकर चढले होते, पहिलं बक्षीस त्यांचं. आम्हाला त्याचं काय!

"त्या भंगारवाल्याला फोन कर," कस्तुराबाई लेकाला म्हणाल्या.

"काय सांगू?"

"सांग की जिन्याखालची जागा भरलेली हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादी गाडी, सायकल, शिलाई मशीन उभं असेल. ते चालत नाही म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी खाली बसून बघा. बहुतेक वेळा त्याच्यात दम असतो; तो पुढे पोचवणारी एखादीच गोष्ट झिजलेली असते. ती बदला. आणि बदलल्यावर तिला विसरू नका. चेनला तेल लागतं, पुसणं लागतं, दोन बोटांनी ओढून बघणं लागतं.

आता जरा थांबा हं, इकडे काहीतरी चाललंय. कस्तुराबाई माझ्यावरून उतरल्याच नाहीत. नेहा उतरली, तर त्या सरकून पुढे आल्या आहेत. माथा इथे सपाट आहे.

"बस मागं," त्या सुनेला म्हणताहेत. "यांनी मला कधी शिकवलं न्हाई. तू शिकव."

"आत्ता? इथं?"

"मंग कुठं?"

नेहा मागे बसली आहे. तिने सासूचे हात धरून क्लच आणि ब्रेक दाखवले. कस्तुराबाईंनी किक मारली, गिअर टाकून क्लच सोडला, मी एक हिसका खाल्ला आणि बंद पडले. नेहा आणि संघर्ष हसले. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी पँटची नाडी आवळली आणि पुन्हा किक मारली.