कायमचा अनुमोदक

“पर परत जातो म्हंजे कुठं जातो?” सटवाजीनं पुन्हा विचारलं.

ताहेरनं चहाचं पातेलं खाली उतरवलं. सकाळपासून हा माणूस त्याच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसून हेच विचारत होता. पहिला चहा संपला, दुसरा संपत आला, तरी प्रश्न काही संपत नव्हता.

“काका, निधी हाय तो. मार्च संपला की वापस जातो. आपल्याला येवढंच मालूम.”

“जातो की. पर कुठं? लातूरला का मुंबईला? तिथं त्याचं काय करतेत?”

“ठिवून देत असतील.”

“मग ठिवू दे की. आपलं काय जातंय?”

ताहेरला हसू आलं. त्यानं कप विसळायला घेतले.

झालं होतं असं की, त्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून ग्रामसभेचा पुकारा झाला. अकरा वाजता विशेष सभा, विषय गावच्या वेशीवर स्वागत कमान, सर्वांनी यावं, आजच ठराव झाला नाही तर निधी परत जाईल. असल्या सभेची खबर काही दिवस आधी द्यायची असते म्हणतात. आमच्या हरणगावात ती आधणाचं पाणी तापायला लागतो तेवढा वेळ आधी मिळाली तरी खूप झालं.

‘निधी परत जाईल’ हे वाक्य आमच्या गावाला नवं नाही. याच वाक्यावर आमच्याकडे व्यायामशाळा आली. तिची चावी कुणाकडे आहे ते अजून कळलेलं नाही. शाळेपुढं पेव्हर ब्लॉक बसले आणि पुढच्याच महिन्यात खालची पाइपलाइन फुटली म्हणून उखडले. दूध उतू चाललं म्हटल्यावर बाई हातातलं टाकून पळते, तसे निधी परत चालला म्हटल्यावर आमचे हात वर जातात. त्या दुधाचं पुढं काय झालं, ते कुणी बघत नाही.

आणि सगळ्यांत आधी वर जाणारा हात सटवाजीचा. ठराव म्हटला की तो मांडणारा एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा देणारा एक अनुमोदक लागतो. सूचक बदलत गेले. अनुमोदक मात्र भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हापासून एकच. पोरं त्याला मागून ‘अनुमोदक’ म्हणूनच हाक मारायची आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे. दुसरं काही पद त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. अडीच एकर सोयाबीन, एक म्हैस, बायको कमलम्मा आणि हे अनुमोदन, एवढाच त्याचा पसारा.

हे पद त्याच्याकडे कसं आलं ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. भूकंपात सटवाजीचं घर बसलं. आई गेली. सटवाजीला दगडमातीखालून काढलं ते रामकिशननं. हातात पहार नव्हती की फावडं नव्हतं, नुसत्या हातांनी काढलं. पुढं नव्या गावचा पहिला सरपंच रामकिशन झाला, पहिल्या सभेत त्यानं विचारलं, अनुमोदन कोण देतंय, आणि सटवाजीनं हात वर केला. विषय काय होता ते त्याला तेव्हाही माहीत नव्हतं. रामकिशन विचारतोय एवढं त्याला पुरे होतं. आता रामकिशन जाऊन दोन वर्षं झाली, खुर्चीवर त्याचा मुलगा बजरंग आहे, पण सटवाजीचा हात त्या घरासाठी तसाच वर जातो. ते ऋणच तसं होतं.

मग त्या दिवशीच हा प्रश्न कुठून आला? कुठून म्हणून नाही. म्हातारपणी माणसाला वेळ असतो आणि भोंगा वाजत असताना तो रिकामा बसला होता. वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य एखाद्या दिवशी कानात नीट शिरतं. घरी कमलम्माला विचारलं तेव्हा ती म्हैस धूत होती. ती कर्नाटकाकडची. “सुम्ने बसा,” म्हणाली. म्हणजे गप बसा. “तुमाला कशाला पायजे ते? हात वर करा न् जेवायला या.”

अकरा वाजता तो ग्रामपंचायतीत गेला. आमच्याकडे दारातच रजिस्टर असतं. आधी सह्या होतात, मग ठराव होतो. बरेच जण सही करून परस्पर शेताकडे निघून जातात. ताहेरनंही सही केली, पण शेगडीवर दूध नसल्यामुळे असेल किंवा सकाळच्या प्रश्नानं त्यालाही टोचलं असेल, तो गेला नाही. दारातच टेकून उभा राहिला.

ग्रामसेवक विरूपाक्ष नवीन होता, भला होता आणि घाईत होता. त्यानं भराभर वाचायला सुरुवात केली.

“गावचे पहिले सरपंच कैलासवासी रामकिशन यांच्या नावे, गावच्या मुख्य रस्त्यावर, काळ्या पाषाणात, दगडी स्वागत कमान...”

नाव ऐकलं आणि सटवाजीचे डोळे भरून आले. भोंग्यावर हे नाव सांगितलं नव्हतं. रामकिशनचं नाव वेशीवर लागणार, जाणाऱ्या-येणाऱ्यानं ते वाचायचं. निधी परत जाऊन कुठं जातो हे विचारायचं तो पार विसरला. त्याचा हात मांडीवरून उचललासुद्धा गेला होता.

तेवढ्यात बजरंगनं कमानीचं रंगीत चित्र सगळ्यांना दाखवत फिरवलं. दोन्हीकडे जाडजूड दगडी खांब, वर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी तुळई आणि तिच्यावर आणखी दगड रचलेले. खाली चित्रात दोन शाळेची पोरं दप्तर घेऊन चालली होती, हसत होती.

सटवाजी त्या वरच्या दगडांकडे बघत राहिला. हात तिथंच राहिला.

“भाऊसाहेब,” तो ग्रामसेवकाला म्हणाला, “जरा थांबा. ह्याला खर्च किती?”

सभेतली पेंगणारी माणसं जागी झाली. अनुमोदक बोलतो हे कुणी पाहिलं नव्हतं.

“अंदाजपत्रक नंतर होतंय काका. आधी ठराव लागतो.”

“म्हंजे आधी व्हय म्हणायचं, मग किती ते इचारायचं? बैल घेताना आसं करतंव का आपण?”

कुणीतरी हसलं. बजरंगही हसला, पण त्याची नजर हसत नव्हती.

“बरं, ही कमान भूकंपात टिकंल का, ते कोण बघणार?”

“इंजिनियर बघतील की.”

“कवा?”

विरूपाक्षनं कागद चाळले. “बहुतेक... काम झाल्यावर.”

“मग आजच कशाला? महिनाभर लोकं इचार करू द्या.”

“निधी परत जाईल काका.”

“तेच तर सकाळपासून इचारायलोय मी. कुठं जातो तो?”

विरूपाक्षनं पेन खाली ठेवलं. तो खोटं बोलू शकला असता. “खरं सांगू? मलाबी नक्की म्हाईत न्हाई,” तो म्हणाला. “वरून येतंय, मी वाचून दावतो.”

आता सगळी सभा हसली, आणि त्या हसण्यानं काहीतरी सैल झालं. मागून एकानं विचारलं, शाळेच्या संडासाला पाणी कधी येणार? दुसऱ्यानं व्यायामशाळेच्या चावीचं काढलं. दारातून ताहेर म्हणाला, “सरपंच, गावात दुसरा रस्ता न्हाई. ऊसाची ट्रॉली ह्याच्याखालून निघंल का, त्ये कुणी मोजलंय?” कुणीच मोजलं नव्हतं. बघता बघता सगळ्यांनाच काही ना काही विचारायचं होतं. इतके दिवस ही उत्सुकता गावानं कुठं दाबून ठेवली होती कुणास ठाऊक.

बजरंग उठून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बापाचं नाव लागावं एवढीच त्याची इच्छा होती आणि मार्च संपत आला होता.

“काका, अनुमोदक म्हणून तुमचं नाव टाइप झालंय.”

“मी बोलायच्या आधीच?”

“दरवेळी आधीच आसतंय.”

सटवाजी आपल्या हाताकडे बघू लागला. हे त्याला माहीत नव्हतं. आपण हात वर करतो म्हणून ठराव होतो, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

बजरंगला ते उमगलं नाही. त्याला वाटलं म्हातारा नरमला. “माज्या बापानं तुमाला वर काढलं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “त्यांच्या नावाला तुमी आडवे जायलात. लोकं काय म्हणतील?”

हे बोलणं वर्मी लागलं. सटवाजीचा चेहरा पडला. मी समोर बसलो होतो, मला वाटलं आता तो हात वर करणार आणि सगळे घरी जाणार. तो भिंतीला धरून उभा राहिला.

“काढलं,” तो म्हणाला. “माज्या अंगावरचा येकयेक दगड त्यानं काढला, बजरंग. नखं निघाली त्याची. त्याच्यापायी मी हाय. पर तुझा बाप नंतर कवा पक्क्या घरात झोपला का? सरकारनं घर दिलं, तर त्यो मरेस्तोवर आंगणात पत्र्याखाली. तू लहान हुतास, तू मायजवळ झोपायचास. त्याच्या नावानं रस्त्यावर दगड टांगायचे, न् खालून लेकरं जायची? मला न्हाई हात वर करवत. त्याचं नाव दुसऱ्या कशाला बी दे. मी पयला उभा ऱ्हातो.”

विरूपाक्षनं सभा तहकूब झाल्याचं लिहिलं. बजरंग चित्राची सुरळी करून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, “निधी गेला तर तुमच्यामुळं.”

निधी गेला. ज्या दिवशी गेला त्या दिवशी गावात काहीच झालं नाही. एसटी उशिरा आली, ती नेहमीच उशिरा येते. सटवाजी सकाळी वेशीपर्यंत जाऊन आला, काही दिसतंय का बघायला, आणि ताहेरच्या बाकड्यावर येऊन बसला. “गेला वाटतं,” म्हणाला. ताहेरनं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

पण त्याच्यापुरतं बरंच काही झालं. बजरंग समोरून आला की रस्ता बदलू लागला. पुढच्या सभेत अनुमोदक म्हणून बजरंगच्या चुलतभावाचं, वैजनाथचं नाव आलं. अर्थात तेही टाइप होऊनच आलं. लोक मात्र आता विचारत होते. ठराव वाचला की कुणीतरी म्हणायचं, खर्च किती, आणि सगळे सटवाजीकडे बघून हसायचे. तोही हसायचा. मांडीवरचे हात कुठं ठेवावेत ते मात्र त्याला कळायचं नाही. गेल्या वर्षी रामकिशनच्या पुण्यतिथीला पहिल्या पंगतीत त्याचं ताट होतं. यंदा आवतणच आलं नाही. त्या दिवशी तो घरी जेवला आणि जेवण काही त्याला गेलं नाही.

पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी सिंधु आली. रामकिशनची बायको, बजरंगची आई. थकलेली, काठी टेकत आलेली. कमलम्मानं लगबगीनं सतरंजी टाकली, पण सिंधु बसली नाही.

“भाऊजी, काय केलंत हे?”

“वैनी, बसा तर.”

“बसायला आले न्हाई मी. त्यांचं नाव लागायलं हुतं. आख्ख्या गावानं वाचलं आसतं. मी मरायच्या आधी बघितलं आसतं. तुमी बुडिवलंत ते. दुसरं कुणी बुडिवलं आसतं तर मला येवढं वाटलं नसतं.”

सभेत बोललेलं सगळं सटवाजीकडे होतं, पण ते या बाईपुढं बोलण्यासारखं नव्हतं. रामकिशन हात रक्तबंबाळ करून सटवाजीला उकरत होता तेव्हा ही लहानग्या बजरंगला पोटाशी धरून शेजारी उभी होती. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिचं बोलणं संपलं, मग रडणं झालं. कमलम्मानं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि चहा आणायला आत गेली.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

मग सिंधुनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी वेगळ्या, हळू आवाजात विचारलं, “भाऊजी, येक खरं सांगा. झाली आसती कमान, तर तिच्याखालून तुमी गेला आसतात?”

“न्हाई वैनी,” सटवाजी म्हणाला. “शेतातून वळसा घालून गेलो आसतो.”

सिंधु बोटाला पदराचा काठ गुंडाळत राहिली.

“मीबी,” ती म्हणाली.

कमलम्मानं आणलेला चहा तिनं घेतला नाही. काठी शोधून ती उठली. दारात थांबून म्हणाली, “तरी नाव लागायला पायजे हुतं,” आणि सटवाजीनं आपला हात आधाराला पुढं केला, तो न धरता पायरी उतरून गेली.