एका अक्षरापायी

धरणाचा अडकलेला दरवाजा अभियंता बाईंनी स्वतः खाली उतरून उघडला होता. ‘नाजूक हातांची कमाल’ असा मथळा देऊन बातमी वेबसाइटवर टाकायला तयारही होती. पण वीस मिनिटं ती एका अक्षरापायी अडली होती. बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ लावायचं की ‘कु.’?

“फोन लाव आणि विचार, नवरा काय करतो,” संपादकांनी फर्मावलं.

उपसंपादिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने फोन लावला. पलीकडे पाणी गरजत होतं. तिने ओशाळत प्रश्न विचारला.

“नवरा?” अभियंता बाई किंचाळल्या. “अहो, दरवाजातून सुटलेलं पाणी खालच्या वस्तीत शिरणार आहे! दरवाजा उघडला तेव्हा तासभर होता हातात. मला वाटलं, लोकांना सावध करायला फोन केलात!”

फोन कट झाला.

“काय म्हणाल्या? सौ. ना?” संपादकांनी विचारलं.

मथळा पुसत ती म्हणाली, “लोकांकडे एक तास होता, साहेब. त्यातली वीस मिनिटं आपण बाईंचा नवरा शोधत बसलो. हे छापू?”