घाम काढायचं शहाणपण

हसू नका, मी मास्तरांच्या डोक्यातून बोलतोय. बदामाएवढा मेंदूचा तुकडा आहे मी. डॉक्टर लोक मला हायपोथॅलॅमस म्हणतात. मास्तर काहीच म्हणत नाहीत, कारण मी आहे हेच त्यांना ठाऊक नाही. आपल्या डोक्यात नुसती अक्कल भरलीय असा त्यांचा समज आहे. ती किती आहे ते मी रोज आतून बघतो.

मास्तरांची बेकरी आहे. मी त्यांच्या जन्माआधीपासून कामावर आहे. भूक, तहान, झोप माझ्याकडेच, पण मुख्य काम म्हणजे अंग सदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं. ते भट्टीसमोर उभे राहिले की मी कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतो, घाम सोडतो. गारठ्यात आले की वाहिन्या आवळतो, दात वाजवतो. रजा नाही, कौतुक नाही. घाम आला की "काय कटकट आहे!" एवढंच ऐकायला मिळतं.

मागच्या महिन्यात त्यांच्या घशात जंतू शिरले. रक्तातल्या शिपायांनी मला निरोप धाडला, आणि मी अंगाचा आकडा एकोणचाळीसवर नेला. जंतूंना ती ऊब सोसत नाही, शिपायांना मात्र हुरूप येतो. म्हणजे ताप मी चढवला होता, तो काही बिघाड नव्हता. मास्तरांनी पाणी पीत अंथरुणात पडून राहायचं होतं, बस्स.

पण स्वस्थ पडतील ते मास्तर कसले? "घाम काढला की ताप गेलाच समजा," असं म्हणत ते घोंगडी गुंडाळून पीठ फुगायला ठेवायच्या खोलीत जाऊन बसले. तिथे सतत वाफ सोडलेली असते. पावाचं पीठ त्यात छान फुगतं. माणूस म्हणजे पीठ नव्हे, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही.

घाम मी सोडला. अगदी धो धो सोडला. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळतानाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. त्या दमट खोलीत, वर घोंगडी, तो वाळणार कसा? आकडा एक्केचाळीसच्या पुढे गेला, आणि हा आकडा मी लावलेला नव्हता.

पेशीपेशीत गोंधळ उडाला. तिथली प्रथिनं नीट घडी घातलेली असतात, घडी मोडली की कामातून गेली. त्या घड्या उष्णतेने सुटायला लागल्या. पेशी मात्र मालकापेक्षा शहाण्या निघाल्या. त्यांनी बाकीची कामं थांबवली आणि दुरुस्तीची प्रथिनं भराभर बनवली. सुटतंय त्याला धरा, पुन्हा घडी घाला, हाताबाहेर गेलेलं मोडीत काढा! पण त्यांनी तरी किती पुरं पडायचं? माझ्याही पेशी होरपळत होत्या. मला भीती वाटली, खरंच वाटली. हा माणूस मरणार होता आणि त्याच्याबरोबर मीही.

गल्ल्यावर त्यांची धाकटी बहीण बसते. बराच वेळ झाला म्हणून तिने बाहेरून हाक मारली. आतून मास्तर म्हणाले, "आई, मला शाळेत नाही जायचं."

ती दाराकडे धावली, तर पीठ मळणारा पैलवान आडवा आला. "ताई, पीठ फुगतंय. मधेच दार उघडायचं नाही, मास्तरांचाच नियम आहे. सगळं पीठ बसेल."

"बसू दे! माझा भाऊ आत बरळतोय आणि तुला पिठाची पडलीय? हो बाजूला!"

तिने दार उघडलं. दोघांनी मास्तरांना ओढत बाहेर आणलं, घोंगडी भिरकावली, गार पाणी ओतलं, पंखा लावला, डॉक्टरांना बोलावलं. आम्ही वाचलो. पीठ बसलं.

शुद्धीवर आल्यावर मास्तर आधी काय बोलले असतील? "दार कुणी उघडलं?"

तेव्हापासून माझा अंदाज जरा चुकतो. भट्टीसमोर घाम सोडायला उशीर होतो. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. मास्तर मात्र गिऱ्हाइकांना ऐकवतात, "एका बैठकीत ताप पळवला!"

काल ताईला ताप भरला. मास्तर लगेच म्हणाले, "चल, तुला खोलीत बसवतो. मी बघ कसा ठणठणीत झालो."

मला तोंड नाही. जमेल ते केलं, त्यांच्या अंगावर काटा आणला. त्यांना वाटलं वारं येतंय, म्हणून उठून खिडकी लावून घेतली. कपाळ बडवायला मला हातही नाहीत.

ताई म्हणाली, "दादा, आम्ही बाहेर ओढलं म्हणून तू आहेस. मी गोळी घेते आणि घरी जाऊन झोपते. तू गुपचूप भट्टी बघ."

ती गोळी आमच्या कामातच हात घालते, आकडा खाली आणायला लावते. ताईच्या डोक्यातला माझा जातभाई आता निवांत असेल. नशीब काढलंय त्याने.

मास्तर दिवसभर गाल फुगवून बसले. मी त्यांचं अंग सदतीसवर धरून बसलो. दुसरं काय करणार? यांच्याशिवाय मला राहायला जागा नाही, आणि माझ्याशिवाय यांना भट्टीसमोरची एक दुपार निभावता येणार नाही. एवढं त्यांना कुणीतरी सांगा. माझं ते ऐकत नाहीत.