अंगावरचं सामान

प्रोफिराने कमरेच्या पट्ट्याचं डावं टोक हातात धरलं आणि उजवं शोधायला खुर्चीच्या फटीत हात घातला. हात आत जाईना, कारण फट उरलीच नव्हती. तिच्या उजव्या हाताच्या खुर्चीत तिची विहीण कसांद्रा बसली होती, आणि ती पट्ट्याच्या नेमक्या त्या टोकावर बसली होती.

तीन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पोरांच्या लग्नाच्या पंगतीत प्रोफिराने स्वतः रांधलेले सारमाले आले, तेव्हा कसांद्राने त्यातला एक काट्याने उचलून उजेडात धरला होता आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "हा एकट्याने खायचा, की दोघांत वाटून?" आमच्या भागात कोबीच्या पानात गुंडाळलेला हा खिमा-भात बोटाच्या पेराएवढा लागतो. मोठा झाला की बाई आळशी ठरली. प्रोफिरानेही ऐकून घेतलं नाही. डोंगरातल्या लोकांना मांस बघायला मिळत नाही, म्हणून त्यांचे बारीक असतात, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून दोघींत विळ्याभोपळ्याचं सख्य.

आज आमच्या बाकाउच्या विमानतळावर प्रोफिराला रांगेत पुढे कसांद्राची पाठ दिसली. पोरं परदेशी, तोरिनोला राहत होती; तिकडच्या विमानाच्या रांगेत ही बाई कशाला उभी राहील, हे कळायला पंचांग लागत नव्हतं. पाच दिवसांपूर्वी प्रोफिराच्या लेकीला, इलिंकाला, मुलगी झाली होती. कसांद्राच्या लेकाला, कोद्रिनला, मुलगी झाली होती, असंही म्हणता येतं, आणि कसांद्रा तसंच म्हणत असणार. बाळंतिणीचे चाळीस दिवस घरात एक जाणतं बाईमाणूस हवं. इलिंकाने फोनवर आईला बोलावलं होतं आणि सांगितलं होतं, "घर एका खोलीचं आहे, आई. स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर तुझी सोय करते. एकटीपुरता आहे." त्या सोफ्यावर प्रोफिरा तेव्हापासून मनातल्या मनात झोपत होती. नातीला तुळशीच्या पाण्याने घरातली पहिली अंघोळ आपणच घालणार, हे तिने देवाला, शेजारणीला आणि कोंबड्यांनाही सांगून झालं होतं. आणि आता एकटीपुरत्या सोफ्याची दुसरी मालकीण शेजारी येऊन बसली होती.

त्यातही नशिबाची गंमत अशी, की ही स्वस्तातली विमानकंपनी जागेचे वेगळे पैसे न भरणाऱ्यांना मुद्दाम पांगवते. नवराबायकोचीही ताटातूट करते. या दोघींना मात्र तिने मांडीला मांडी लावून बसवलं.

"विहीणबाई," प्रोफिरा शेवटी समोरच्या पाठीकडे बघत म्हणाली, "जरा उठता का?"

"कशाला?"

"माझं काहीतरी तुमच्याखाली आहे."

कसांद्राने उठायचा प्रयत्न केला. खुर्चीचे दोन्ही हात तिच्यासोबत उठू लागले. ती पुन्हा बसली.

"आत्ता नाही जमणार," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

खिडकीशी नेकुलाय नावाचा एक उंच गवंडी होता. त्याचे गुडघे छातीशी होते आणि हनुवटी जवळजवळ गुडघ्यांवर. त्याच्या डोळ्यांत मात्र हसू होतं.

"मावशी, तुमची चूक नाही," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा तोरिनोला गेलो तेव्हा पाय पुढे सोडून बसलो होतो. मग यांनी एक रांग वाढवली. मग आणखी एक. मग गादी पातळ केली, आणि गादी पातळ झाल्यामुळे तुम्हाला जागा जास्त मिळेल, असं वर आम्हालाच समजावलं. पाठ मागे रेलायची ती बंद केली. आता माझे गुडघे पुढच्या माणसाला ओळखतात."

"ओळखतो मी," पुढच्या खुर्चीतून आवाज आला. "डावा जास्त टोचतो."

मधल्या वाटेने हवाईसुंदरी पट्टे तपासत आली. ती इलिंकाच्याच वयाची होती. प्रोफिराच्या हातातलं एकटं टोक बघून ती थांबली.

"मावशी, पट्टा लावल्याशिवाय विमान हलणार नाही. कोट काढा म्हणजे मावाल."

प्रोफिराने कोट घट्ट धरला. कसांद्रानेही धरला. दोघींनी तो नेमका एकाच वेळी आणि एकाच जागी, पोटावर धरला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एकमेकींकडे नीट पाहिलं.

कारण असं, की ही कंपनी फक्त एक पिशवी नेऊ देते, तीही खुर्चीखाली मावेल एवढी. दारातच लोखंडी चौकट ठेवलेली असते. पिशवी तिच्यात बसली नाही की दंड. पण माणसाला बसवायची चौकट अजून कोणी ठेवलेली नाही. त्यामुळे आमच्याकडच्या बायका परदेशी पोरांकडे निघाल्या की अर्धं घर पिशवीत घालतात आणि उरलेलं अंगावर.

"तुम्ही काय घातलंय?" कसांद्राने हळू विचारलं.

"तुम्ही आधी सांगा."

"अक्रोड. अस्तराला खिसे शिवलेत."

"मी मक्याचं पीठ. तिकडच्या पिठाला चव नसते म्हणे."

"नसतेच. आणखी?"

प्रोफिराने कोटावरून पोट चाचपलं. "बाळाची घोंगडी," ती म्हणाली. "पोटाला गुंडाळलीय. वरून बाळ बांधायची पट्टी."

कसांद्राचा चेहरा उतरला. "पट्टी तुम्ही विणलीत?"

"हो. का?"

"काही नाही." कसांद्राने खाली पाहिलं. "मीही विणलीय. माझ्याही पोटालाच आहे, घोंगडीवर."

बाळ बांधायची पट्टी म्हणजे आजीने मागावर विणलेली चार बोटं रुंदीची आणि वीत-वीत मोजत कंटाळा येईल इतक्या लांबीची गोष्ट. घोंगडीत गुंडाळलेल्या बाळाला तिने खांद्यापासून पायापर्यंत बांधतात. एका बाळाला एकच पुरते.

पुढून कोणीतरी विचारलं, विमान का थांबलंय. मागून कोणीतरी सांगितलं, दोन मावश्या अडकल्यात. कसांद्राला हे झोंबलं. तिने नेकुलायला खूण केली, त्याने प्रोफिराच्या डोक्यावरून लांब हात पुढे केला, प्रोफिराने खालून ढकललं, आणि कसांद्रा एकदाची उठून मधल्या वाटेत उभी राहिली. मागोमाग प्रोफिरा निघाली. दोघींनी कोट उतरवले. अक्रोड एकमेकांवर आपटले, पिठाने उसासा टाकला.

"टोक पाठीशी खोचलंय," प्रोफिरा म्हणाली. "माझा हात पोचत नाही. घरी शेजारणीने बांधून दिलं."

कसांद्राने ते टोक शोधून काढलं आणि ओढलं. प्रोफिराला फिरावं लागलं. वाट एवढी अरुंद, की ती हात वर करून जागच्या जागी फिरू लागली, आणि पट्टी तिच्या अंगावरून उलगडत विहिणीच्या हातात जमा होऊ लागली. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ताल धरला. त्याच्या शेजारणीने शीळ घातली, ती लग्नातल्या फेराच्या नाचाची. अर्धं विमान टाळ्या वाजवू लागलं. हवाईसुंदरी गंभीर राहायचा प्रयत्न करत होती, पण तिचा पाय ताल देत होता. घोंगडी गळून पडली तशी प्रोफिरा निम्मी झाली आणि चक्कर येऊन विहिणीच्या खांद्याला धरून उभी राहिली. ती हसत होती.

"आता तुम्ही फिरा," ती म्हणाली.

कसांद्रा फिरली. खरं सांगायचं तर ती जास्त चांगली फिरली. डोंगरातल्या बायकांचे पाय नाचाचे.

दोघी बसल्या. पट्ट्याची टोकं जुळली. खुर्च्या अजूनही अरुंदच होत्या, कमरेला कंबर लागतच होती, पण श्वास घेता येत होता. विमान सुटलं. दोन पट्ट्या दोघींच्या मांडीवर होत्या. एक लाल-काळी, दुसरी पांढरी-हिरवी. दोन्हींच्या काठाला दृष्ट लागू नये म्हणून लाल धागा होता.

"वीण घट्ट आहे तुमची," कसांद्रा म्हणाली.

"तुमची मऊ आहे. बाळाला मऊच बरी." एवढं बोलून प्रोफिराने जे विचारायचं ते विचारून टाकलं. "तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोद्रिनने. त्याला रात्रपाळी आहे. बायको आणि बाळ एकटी राहणार म्हणून फोनवर रडला. एवढा मोठा बाप्या." कसांद्राने पट्टी गुडघ्यावर सारखी केली. "बाळंतिणीला तिची आई लागते, हे मला कळत नाही का? पण मुलगा रडल्यावर मी काय घरी बसू?"

"माझी लेक रडली नाही," प्रोफिरा म्हणाली. "ती रडत नाही तेव्हा समजायचं, फार झालंय. म्हणून निघाले."

"म्हणजे दोघांनी एकमेकांना न सांगता."

"संसार कसला करतायत देव जाणे."

कसांद्रा हसली नाही. "सोफा एकच आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"कुणातरी एकीला परत जावं लागणार."

"कोणाला?"

"पोरं ठरवतील."

पोरं ठरवणार म्हणजे काय होणार, हे दोघींना ठाऊक होतं. इलिंका आईकडे बघणार, कोद्रिन आपल्या आईकडे, आणि पाच दिवसांच्या बाळाच्या घरात पहिलं भांडण आज्यांवरून होणार. दोघी आपापली पट्टी गुंडाळू लागल्या. नेकुलायने खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण अशा वेळी उंच माणसाला तेवढंच करता येतं.

थोड्या वेळाने कसांद्राचं डोकं कललं. ते प्रोफिराच्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं. पहाटे गाई-म्हशींचं करून निघालेली बाई, झोपेने गाठलं होतं तिला. प्रोफिराचा दंड दोघींच्या मध्ये अडकला आणि त्याला मुंग्या येऊ लागल्या.

"मावशी, हलवा त्यांना," नेकुलाय पुटपुटला. "हात बधिर होईल."

"राहू दे," प्रोफिरा म्हणाली. "दमलीय."

या बाईच्या केसांना तिच्या स्वतःच्या घरासारखाच चुलीचा वास येत होता. तीन वर्षं आपण रागावलो होतो ती बाई हीच का, असं तिला वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. लग्नातले ते सारमाले खरंच मोठे होते. त्या दिवशी तिला घाई झाली होती. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायचा विचारही नव्हता. मग तिचंही डोकं कललं, विहिणीच्या डोक्यावर टेकलं, आणि आल्प्सचे डोंगर दोघींनीही पाहिले नाहीत.

विमान टेकलं तेव्हा लोकांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने दोघी एकदमच जाग्या झाल्या आणि एकमेकींपासून सरकायला गेल्या. सरकायला जागा नव्हती, म्हणून तशाच बसून राहिल्या. मग कोट चढवले, घोंगड्या खांद्यावर टाकल्या.

बाहेर दाराशी कोद्रिन एकटा उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. दोघींना एकत्र येताना पाहून तो आधी एकीकडे निघाला, मग दुसरीकडे, मग मधेच थांबला.

"आई," तो म्हणाला. "सासूबाई. आज सकाळी कळलं आम्हाला. मी इलिंकाला सांगितलं नव्हतं आणि तिने मला." त्याने डोळे चोळले. "माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईकडे खोली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक जण तिथे राहील. नाहीतर रविवारचं विमान आहे. इलिंका सकाळपासून रडतेय."

"रडतेय?" प्रोफिराने विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे ती." प्रोफिराने सुस्कारा सोडला. "सोफा केवढा आहे?"

"अं?"

"रुंदीला. हातांनी दाखव."

कोद्रिनने हात पसरले. तो बावचळला होता, त्यामुळे हात जरा जास्तच पसरले गेले. प्रोफिराने पुढे होऊन त्याचा उजवा हात आत ढकलला.

"नीट आठव. उगाच मोठा करू नकोस."

त्याने डोळे मिटून आठवलं आणि हात आणखी थोडे जवळ आणले. प्रोफिराने त्या मधल्या जागेकडे पाहिलं. मग तिने कोट काढून जमिनीवर ठेवला आणि जावयाच्या दोन हातांच्या मध्ये, डाव्या हाताला टेकून उभी राहिली. कसांद्राने क्षणभर विचार केला. तिनेही कोट काढला आणि उरलेल्या जागेत शिरली. कमरेला कंबर लागली, खांद्याला खांदा. कोद्रिनचा उजवा हात तिच्या दंडाला लागलाही नाही.

"बोटभर उरतंय," कसांद्रा म्हणाली.

"आणि पाय लांब करता येतील," प्रोफिरा म्हणाली.

येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. कोद्रिन एकदा आईकडे, एकदा सासूकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"भिंतीकडे तुम्ही झोपा, विहीणबाई," प्रोफिरा म्हणाली. "बाळ रडलं की मला पटकन उठता येईल."

"ते रात्री बघू," कसांद्रा म्हणाली. "कोणाला आधी जाग येते ते."

कोद्रिनचे हात अजून तसेच पसरलेले होते, आणि दोघींपैकी कोणीही बाहेर यायची घाई करत नव्हती.